निकेलवरचा अंगठा

काकूंनी तो शब्द बोलण्याच्या भरात टाकला होता. "तुमच्या त्या खटाऱ्यात माझं तोंड दिसेल ना, त्या दिवशी बसेन मी मागं." काकांनी तो झेलला, उराशी धरला, आणि म्हाताऱ्या मोटारसायकलचा सांगाडा सुटा करून निकेलचा मुलामा चढवायला नेला.

काकूंनी मागं बसणं कधीच सोडलं होतं, त्याला कारण होतं. लग्नाच्या नव्या नवलाईत पडलेली चप्पल उचलायला त्या खाली उतरल्या आणि काका जे निघाले ते थेट बहिणीच्या दारात. वाटभर बायकोशी गप्पा मारत. वहिनी कुठाय, असं बहिणीनं विचारलं तेव्हा कुठं त्यांनी मागं वळून बघितलं. वर म्हणायचे, तू गप्प होतीस, मला वाटलं पटतंय तुला. तो काटा काकूंना अजून सलत होता.

म्हणून त्याही मुलामेवाल्याकडे गेल्या, तोंड दिसत नाही याची खात्री करून घ्यायला.

लांबट खोली, ओळीनं हौद, वर तांब्याच्या दांड्या, हवेत आंबूस वाफ. घासूनपुसून, आम्लातून धुऊन काढलेला सांगाडा न्हाऊ घातलेल्या बाळासारखा उघडा लटकत होता. मुलामेवाल्यानं बजावलं, आता याला बोट लागता कामा नये. बोटाचं तेल लागलं की निकेल तिथं धरत नाही. बजावताना तो काकांकडेच बघत होता, कारण काकांचा हात थोपटायला सारखा शिवशिवत होता. शेवटी त्यानं काकांच्या दोन्ही हातांत चहाचा एकेक गरम पेला दिला. काकांना पिता येईना, ठेवता येईना. काकू पोट धरून हसल्या.

हसता हसता त्यांना मागच्या सीटखालच्या नळीवर पाण्याचा ओघळ दिसला. जन्मभर भांडी लखलखीत करणारा हात तो, विचारायला थांबतोय कशाला? अंगठा फिरला, ओघळ गेला. सांगाडा हौदात उतरला.

वर आला तो चांदण्यात भिजल्यासारखा. फक्त सीटखाली अंगठ्याएवढा काळपट डाग.

मुलामेवाल्यानं काकांकडे बघितलं. काकांनी हातातल्या पेल्यांकडे. "मीच लावला असेल," ते पुटपुटले, "सवयच आहे मेली." मग म्हणाले, सगळं उतरवा, पुन्हा चढवा, कितीही वेळ लागू दे, हिला तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे.

बसणं टाळायला काकूंना आयतं निमित्त मिळालं होतं. त्या नळीवर वाकल्या. नाक लांबलेलं, गाल चपटे, पण तोंड त्यांचंच. आणि खांद्यामागं दोन पेले सांभाळणारं कावरंबावरं दुसरं तोंड.

"अहो, तो माझा अंगठा आहे," त्या म्हणाल्या. "राहू द्या तसाच."

"तिथं गंज धरेल, काकू," मुलामेवाला म्हणाला. "रोज तेलाचा बोळा फिरवावा लागेल."

"मग हे फिरवतील की. त्या निमित्तानं मागची जागा बघतील तरी."

गाडी जोडून झाली त्या दिवशी काकू मागं बसल्या. काकांनी फाटकाशी वळून बघितलं, कोपऱ्यावर पुन्हा बघितलं.

"आहे मी," काकू म्हणाल्या. "पुढं बघा."

आणि गप्प राहिलं तर पटतंय असं समजतील, म्हणून वाटभर बोलत राहिल्या.