मोठ्या टीव्हीची भिंत

फिटरनं भोकासाठी मारलेली पेन्सिलची फुली तशी बारीकच होती, पण ती नेमकी त्या डागावर पडली होती — गाडीच्या भिंतीच्या प्लायवूडवरच्या त्या काळपट, तेलकट डागावर, जिथं रोज झोपताना त्याचं डोकं टेकायचं. बाकीच्या फुल्या कोऱ्या लाकडावर होत्या. मुंजाजीनं अंगठ्यानं डाग घासून पाहिला. निघाला नाही. इतक्या वर्षांचं खोबरेल मुरलेलं, निघणार कसं... आणि आजवर हा डाग आपल्याला दिसला कसा नाही?

हिंगोलीच्या गॅरेजात सकाळपासून गाडी उभी होती. बियाण्याच्या कंपनीची प्रचारगाडी. मागच्या डब्यात टीव्ही, भोंगा, स्टोव्ह आणि एका अंगाला मुंजाजीची झोपायची फळी. सेनगाव, औंढा, कळमनुरी — गावोगाव जायचं, दिवेलागणीला मागचं दार उघडून सोयाबीनच्या नव्या वाणाची फिल्म लावायची, माणसं पांगली की त्याच फळीवर आडवं व्हायचं. जुना टीव्ही खोक्याएवढा. मागं बसलेल्यांना पडद्यावर सोयाबीन आहे की तूर, काही उमगायचं नाही. आता कंपनीनं हा पातळ, भिंतीला टांगायचा, चांगला रुंद टीव्ही पाठवला होता, आणि तो मावेल अशी भिंत डब्यात एकच होती.

“फळी काढाच लागंल, मुंजाजीभाऊ,” फुलसिंग फिटर म्हणाला. “साहेब म्हणले, डायवरला इचारून काढ. तसं बी घर जवळच हाय म्हणं तुमचं. रातच्याला घरी जात जा की.”

“थांब जरा. चहा घेऊ.”

“आताच तर घेतला!”

घेतला होता खरा. पण नाही म्हणायचं की हो म्हणायचं, यापैकी एकाचंही त्राण त्याच्यात नव्हतं. हल्ली तो झोपेतूनसुद्धा थकूनच उठायचा. तो गॅरेजाबाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन टेकला.

घर जवळच होतं. ते काय आज जवळ आलं? सेनगावच्या अलीकडे गाव, गावाच्या कडेला घर, आणि महिन्यातून तीन-चारदा गाडी दारात लागायचीच. तरी तो झोपायचा गाडीत. सुरुवातीला टीव्ही चोरीला जायची खरोखरच धास्ती होती. ‘गाडीत माल हाय,’ तो बायकोला, नर्मदाबाईला म्हणायचा, आणि ती ताट घेऊन मागच्या दारापाशी यायची, जेवण होईतो बाहेरच उभी राहायची, रिकामं ताट घेऊन घरात जायची. मग धास्ती गेली, सवय राहिली. सवय म्हणायचं आपलं... खरं सांग मुंजाजी, घरात शिरलं की तुला काय बोलावं ते सुचत नव्हतं. भोंग्यावरून अख्ख्या गावाशी बोलणारा मी, चुलीपुढं बसलेल्या एका बाईशी बोलायचं तर जीभ टाळ्याला चिकटायची.

आणि भोंग्यावरून तरी काय बोललो? एकदा सांजेला फिल्मचा खेळ त्याच्याच गावात होता. पारापाशी ही गर्दी. सगळ्यांच्या मागं एक बाई तोंडाशी पदर धरून, टाचा उंचावून बघायची धडपड करत होती. याच्या तोंडून रोजचंच निघालं — “ओ मावशी, मागं काहून उभ्या राहिल्या? पुढं या, लाजू नका!”

सगळं गाव खो खो हसलं. नर्मदाबाईही हसली. पुढं येऊन बसलीसुद्धा, परगावच्या पाहुणीसारखी अंग चोरून, आणि फिल्म संपेपर्यंत जागची हलली नाही. नंतर कित्येक दिवस पाणवठ्यावर बाया तिला ‘मावशी’ म्हणून चिडवायच्या म्हणे. अंधार होता, असं तो स्वतःला सांगत आला होता. अंधार होता, पण बायको ओळखू येऊ नये एवढा नव्हता. त्यानंतर ती खेळाला कधी आली नाही. ताट मात्र येत राहिलं, वेळेवर, गरम.

त्यानं खिशातून मोबाईल काढला. हा फोन करायचा म्हणून तो एवढा वेळ बसला होता, हे त्याला नंबर लावताना कळलं.

“मी बोलून राहिलो.”

“काहून? गाडी बंद पडली का?”

“न्हाई. मोठा टीव्ही आला. गाडीतली झोपायची फळी काढून राहिले... आता रातच्याला घरीच येत जाईन म्हणतो.”

पलीकडे शेळी ओरडली. तिला कुणीतरी, म्हणजे तिनंच, हुसकलं.

“जेवायला का झोपायला?”

टोमणा असता तर त्यानं झेलला असता. तो टोमणा नव्हता. किती पीठ मळू, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

“राहायला,” तो म्हणाला.

ती म्हणाली, “बरं. तुमच्या जागेवर सोयाबीनची पोती हायत. हलवावी लागतील.” आणि मग, “हलवते.”

मी आल्यावर हलवतो, असं तो म्हणणार होता. फोन तेवढ्यात ठेवला गेला. ती आता पदर खोचून एकटीच पोती ओढत असेल. तिचे गुडघे दुखतात. कुणीतरी सांगितलं होतं, तिनं नव्हे.

“भाऊ, काढू का?” आतून फुलसिंगनं पाना वाजवला.

ती ‘नका येऊ’ म्हणाली असती तर ‘फळी राहू दे’ म्हणणं किती सोपं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. आणि आपण फोन तेवढ्यासाठीच केला होता, हे कळून मुंजाजीला तिथं सावलीत बसल्या बसल्या फार लाज वाटली.