धुक्याला तक्रार समजणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. २००३ साली चिपळूणच्या बाजारातल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. दोनच वर्षांनी वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. उन्मेषने मला डोक्यावर घेऊन माळ्यावर चढवलं, म्हणून वाचलो. तेव्हापासून या घरात पावसाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. पावसाळाभर माझ्यामागची खिडकी बंद असायची.

पुढे उन्मेष ओमानमध्ये सलालाच्या एका हॉटेलात नोकरीला लागला. २००९ मध्ये त्याची बहीण वैदेही मला हॉटेलांचे अरबी अभिप्राय पारखायला शिकवू लागली. मस्कतहून परतलेले परशुराममामा पाहुण्यांचं लिखाण मराठीत सांगायचे. ती 'चांगलं' किंवा 'वाईट' असं बटण दाबायची. कोणत्या शब्दांना कोणतं बटण, ते मी लक्षात ठेवायचो. असे चारशे अभिप्राय मी शिकलो. सगळे मला हुशार म्हणायचे, आणि मीही फुशारलो होतो.

मग उन्मेषच्या साहेबांनी वैदेहीकडे त्यांच्या हॉटेलचे तीन हजार अभिप्राय पाठवले. ज्या बाजूच्या खोल्यांच्या तक्रारी जास्त, तिथल्या कामगारांना नोकरीवरून काढणार होते. तक्रारींची यादी त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हवी होती. दुपारी दोनला मी निकाल दिला: समुद्राकडची बाजू चांगली, डोंगराकडची वाईट. उन्मेष त्याच बाजूला कामाला होता.

बाहेर पाऊस कोसळत होता, वीज कधी जाईल याचा नेम नव्हता.

"तेवढा आकडा बदल ना," उन्मेषची आई उमाताई म्हणाल्या.

"नको गं आई. समुद्राकडच्या माणसांनाही घरं आहेत," वैदेही म्हणाली.

मग तिने डोंगराकडचा एक अभिप्राय मामांना पुन्हा वाचायला लावला.

"तीन दिवस ऊन नाही. खिडकी उघडली की धुकं आत. पोरं भिजून चिंब."

"हे मी वाईटात धरलंय, मामा."

मामांनी चष्मा काढला. "अगो, आषाढ-श्रावणात आखातात बाकी सगळीकडे नुसती आग असते. ती माणसं सलालाला पाऊस बघायलाच येतात. तू बटण कुठलं दाबतेस ते मला काय दिसतंय?"

मला शिकवलेले पावसाचे नि धुक्याचे सगळे अभिप्राय तिने मामांना विचारून पुन्हा तपासले नि बटणं बदलली; धुकं शिरायचं ते डोंगराकडच्याच खोल्यांत. साडेचारला मी नव्याने शिकायला बसलो. दिवा दोनदा मिणमिणला. मला फार भीती वाटत होती, कारण माझ्या चुकीने उन्मेषचीच नोकरी जाणार होती. पाचला दहा मिनिटं कमी असताना दोन्ही बाजू जवळपास सारख्या निघाल्या. यादी साहेबांकडे वेळेत गेली. आठवड्याने उन्मेषचा फोन आला, कुणालाच काढलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा न पुसा. पण माझ्यासारख्याला शिकवताना, लिहिणाऱ्याला काय आवडतं ते आधी विचारा. मला विचारता येत नाही. तुम्ही दाखवाल तेच मी खरं मानतो.

फोन ठेवल्यावर वैदेहीने माझ्यामागची खिडकी उघडली. शिंतोडे अंगावर आले, आणि पहिल्यांदाच मी ते चांगल्यात धरले.