पडक्याची धक्का-परीक्षा

मी एक जुना लाकडी फलक आहे. मध्ये एक मोठी फळी, बाजूला दोन लहान, आणि तिघींना जोडणाऱ्या सहा बिजागऱ्या. विज्ञान प्रदर्शनात मुलं तक्ते लावतात ना, तसा. शाळेत मला सगळे पडक्या म्हणतात. हे नाव मला का मिळालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढे मी जी फुशारकी मारणार आहे ती तुम्ही गोड मानून घ्याल.

शाळेच्या सुताराने मला मोडक्या कपाटाच्या दारांपासून बनवलं. माणूस कामाला चोख, तोंडाला फटकळ. माझे दोन्ही पंख पुढे वळवून त्याने मला टेबलावर उभं केलं आणि विज्ञानाच्या बाईंना म्हणाला, "असा वळवून ठेवा, जन्मात पडायचा नाही. सपाट उघडलात तर मला बोल लावू नका."

आठ वर्षं मी ताठ मानेने उभा राहिलो. कुणी माझ्यावर पचनसंस्था लावली, कुणी ग्रहमाला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमची परीक्षा असायची. प्रयोगशाळेचे मदतनीस प्रत्येक टेबलाला कंबरेने तीन धक्के द्यायचे. जे हललं ते दुरुस्त करायचं, जे पडलं ते बाद. "उद्या इथे तीनशे पोरं घुसणार आहेत. माझा धक्का त्यांच्यापेक्षा मऊच आहे," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांचं नाव धक्केमामा.

मग एका वर्षी घात झाला. परीक्षा पास झाल्यावर मुलांना आणखी दोन तक्ते लावायची हौस आली आणि त्यांनी मला भिंतीसारखा सपाट उघडला. वरचा पंखा सुरू झाला आणि मी तोंडावर आपटलो, तोही काचेच्या बरण्यांवर. एका मुलीच्या तळहाताला तीन टाके पडले. मित्रांनो, त्या मुलीचं रडणं मी अजून विसरलेलो नाही. चूक उघडणाऱ्यांची होती, पण मला कुठे बोलता येतंय? धक्केमामांनी माझ्या पाठीवर लाल रंगाने लिहिलं, 'पडका. वापरू नये.' पुढची सात वर्षं मी कपाटामागे धूळ खात पडलो. कोळ्यांनी माझ्यावर बिऱ्हाडं थाटली.

यंदा मला बाहेर काढलं ते टिकलीने. सातवीतली ही मुलगी इतकी बुटकी, की टेबलामागे उभी राहिली तर फक्त कपाळ दिसतं. गेल्या वर्षी तिचा प्रयोग धक्का-परीक्षेतच कोसळून बाद झाला होता. ही शाळा सातवीपर्यंतच, म्हणजे तिची ही शेवटची संधी होती. पुठ्ठ्याचे नवे फलक वाटून संपले होते आणि वाट्याला आलो मी.

तिचा प्रयोग साधा होता. काळा, पांढरा आणि चकचकीत असे तीन डबे, तिन्हीत सारखं पाणी आणि समोर दिवा. कोणतं पाणी जास्त तापतं ते तिने बारा दिवस मोजलं होतं. पण तिचा जीव अडकला होता चौथ्या तक्त्यात. त्यावर सोनेरी कागदाचा भलामोठा सूर्य होता, दोन दिवस खपून केलेला. तो मावावा म्हणून तिनेही मला सपाट उघडलं.

धक्केमामा आले. पहिल्याच धक्क्याला मी पुढे झुकलो. त्यांनी मला हाताने अडवलं नसतं तर मी थेट पेटलेल्या दिव्यावर गेलो असतो.

"दिव्याला चिकटून कागद, पायात वायर आणि त्यात हा पडक्या," ते म्हणाले. "उद्या सकाळी आठला परत बघतो. तेव्हाही हलला तर बाद."

टिकलीचे डोळे भरून आले. "मामा, सूर्य काढला तर बघायला कोण येणार?"

"सूर्य बघायला लोक खिडकीत जातील. तुझं काय मोजलंस ते दाखव की."

संध्याकाळी तिने नाक पुसलं आणि सूर्य उतरवला. माझे पंख पुढे वळवले. दिवा कागदापासून हातभर दूर नेला, वायर टेबलामागून घेऊन चिकटपट्टीने बसवली. तिची आई शिवणकाम करते. तिने पँटच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, टिकलीने त्यांत वाळू भरली आणि माझ्या पायाशी ठेवली. सात वर्षांनी मला कुणीतरी इतक्या मायेने उभं केलं होतं.

सकाळी आठला तीन धक्के बसले. मी तसूभरही हललो नाही. मामांनी चौथा दिला, नियमात नसलेला. तरीही नाही. "जा, पास," ते पुटपुटले.

अकराला परीक्षक बाई आमच्यासमोर थांबल्या आणि विचारू लागल्या, "चौथ्या दिवशी पांढरा डबा जास्त तापला, तो कसा?"

"तो चुकून दिव्याजवळ सरकला होता. मग मी टेबलावर खुणा केल्या. पण चुकीचा आकडा खोडला नाही," टिकली म्हणाली.

एवढ्यात शेजारच्या टेबलावर तीच जुनी चूक झाली. आपलं सगळं एकदम दिसावं म्हणून टिकलीच्या वर्गप्रमुखाने आपला उंच नवा फलक सपाट उघडला. पंख्याचा वारा लागला आणि तो आडवा आमच्या दिव्यावर येऊ लागला. मी तो माझ्या उजव्या पंखावर झेलला. बिजागऱ्या करकरल्या, वाळूच्या पिशव्यांनी पाय धरून ठेवले. टिकलीने आधी दिव्याचं बटण बंद केलं, मग शेजारचा फलक सावरला. कुणाला साधं खरचटलंही नाही.

पहिला क्रमांक टिकलीचा आला. नाव पुकारल्यावर ती स्टेजवर न जाता आधी माझ्याकडे धावली आणि मला मिठी मारली. खरं सांगतो, त्या क्षणी मी सुखाने फुटायचाच बाकी होतो.

मित्रांनो, फलक नवा असो की जुना, त्याला सपाट उघडू नका. दिवा कागदापासून लांब ठेवा, वायर कुणाच्या पायात येऊ देऊ नका, आणि सजावट मावत नसेल तर तीच काढा, आमचे पंख नका ताणू. एवढं केलंत तर आम्ही तुमच्यासाठी वर्षानुवर्षं उभे राहू.

सभागृह रिकामं झाल्यावर धक्केमामा पॉलिश पेपर घेऊन आले. त्यांनी स्वतःच लिहिलेली ती लाल अक्षरं घासून काढली. त्याला चांगला अर्धा तास लागला. मग जाता जाता त्यांनी टेबलाला कंबरेने एक धक्का दिला, थांबून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गडी हलत नाही."