सैतान जोडे घालायच्या आत

म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करत होग्सब्रो नावाचा एक विद्वान कोपनहेगनहून युटलंडच्या शेतांत येऊन पोचला होता. सिद्सेलच्या स्वयंपाकघरात त्यानं आवाज टिपायचं भलंमोठं यंत्र मांडलं आणि ओरडूनच विचारलं, "आजी, 'सैतान जोडे घालायच्या आत उठायचं' असं म्हणतात ना तुमच्याकडे? म्हणजे काय?"

"म्हणजे भल्या पहाटे. आणि मी बहिरी नाही."

टेबलाशी बसलेला तिचा मुलगा लाउरिट्स खो खो हसला. त्याची बायको गुद्रुन डाव्या हातानं कॉफी ओतत होती. उजवं मनगट फडक्यात बांधलेलं होतं. म्हणे गाय बिथरली.

"पण हे आलं कुठून, आजी?"

सैतान आळशी असतो, उशिरा उठतो, असं काहीतरी सांगून सिद्सेलला सुटता आलं असतं. चाळीस वर्षं तिनं तोंड शिवून ठेवलं होतं. त्याचा काय उपयोग झाला, ते त्या फडक्यात समोर दिसत होतं.

"याच घरातून आलं," ती म्हणाली. "धारा काढून, चूल पेटवून, लापशी तयार पाहिजे, माझ्या नवऱ्यानं जोडे घालायच्या आत. लाकडी होते ते. उशीर झाला की पायातून हातात यायचे."

"आई, पुरे," लाउरिट्स म्हणाला.

"नवरा मेला. जोडे याला बरोब्बर बसले."

होग्सब्रोनं घसा खाकरला आणि यंत्र बंद केलं. "तसं नव्हे हो आजी, मला शब्दांचं मूळ हवं होतं. हे जरा घरगुती झालं." वहीत त्यानं 'अगदी पहाटे' एवढंच लिहिलं. एवढा शिकलेला माणूस, पण कान नुसते टोपी अडकवायला. सिद्सेलला त्याची चीड आली.

गुद्रुननं किटली खाली ठेवली. "साहेब, मला स्टेशनपर्यंत सोडाल?"

होग्सब्रोनं तिच्याकडे न बघता लाउरिट्सकडे बघितलं. "सोडलं असतं हो. पण गाडीत मागे सामान ठासून भरलंय, आणि पुढच्या सीटवर यंत्र असतं. फार नाजूक आहे."

लाउरिट्स उठून उभा राहिला. सिद्सेलनं दोन्ही हात यंत्रावर ठेवले.

"मग यंत्र राहू दे इथं. उद्या या न्यायला. पोरीला पुढं बसवा."

"अहो, पण सरकारी यंत्र…"

"मी सांभाळते. निघा."

गुद्रुन कोटसुद्धा न घेता बाहेर पडली. होग्सब्रो पुटपुटत तिच्यामागून गेला. लाउरिट्सनं रस्त्याकडे पाहिलंच नाही, तो आईकडे बघत होता. आपल्याच पोटच्या पोराची सिद्सेलला भीती वाटत होती. तरी गाडीचा आवाज पार विरेपर्यंत तिनं यंत्रावरचे हात काढले नाहीत.