पेरलेल्या रानात

“ए माय, उतर खाली! किती सांगायचं तुला?”

“तू वर ये,” ऐनाच्या झाडावरून सोमी म्हणाली, आणि कोयत्यानं आणखी एक फांदी छाटून तिनं ती बरोबर रामकिसन गार्डच्या पायाशी टाकली.

रामकिसन वर येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. जंगलखात्यात नोकरी लागली म्हणून माणसाला झाडावर चढता येतं असं थोडंच आहे! तो परभणीकडचा. त्याच्या गावी झाड म्हणजे बाभूळ, आणि बाभळीवर चढायला कोण जातं? त्यामुळे तो खालून ओरडत राहिला आणि पन्नाशी उलटलेली सोमी लुगड्याचा काचा मारून वरून फांद्या टाकत राहिली.

शिमगा नुकताच झाला होता. बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत असलेल्या भोकरपाड्यावर या दिवसांत जो तो झाडावर असायचा. ऐनाच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, रानाच्या एका तुकड्यावर पसरून वैशाखात पेटवायच्या. याला राब म्हणतात. राब भाजला की तण जळतं, जमीन तापते, आणि त्या राखेत टाकलेली नागली, म्हणजे नाचणी, पहिल्या सरीला अशी उठते की बघत राहावं. मग तीच रोपं उपटून साऱ्या रानात लावायची. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर चुलीवर नुसतं पाणी उकळायचं.

पण गेल्या हिवाळ्यात साहेब लोक जीप घेऊन आले. या डोंगराचं अभयारण्य होणार, असं त्यांनी सांगितलं. वाघ, बिबटे, भेकरं यांना राखायचा कायदा दिल्लीत होऊन बरीच वर्षं झाली होती. तो आता चालत चालत भोकरपाड्यापर्यंत पोचला होता. चुन्यानं रंगवलेला हद्दीचा दगडी बुरूज, माणसाच्या उंचीचा खांबच, त्यांनी उभा केला तो नेमका सोमीच्या रानाच्या मध्यावर. बुरुजापुढं तोड बंद, आग बंद, पेर बंद. आणि बुरुजामागं? तिथं राहिलेल्या तुकड्यात नुसता कातळ होता.

सोमीचं रान एकसाली पट्ट्याचं. तिचा नवरा जिवल्या, त्याला सरकारनंच ते दिलेलं, दरसाल पेरायच्या बोलीवर. एक साल जरी पडीक राहिलं तरी रान पुन्हा जंगलखात्याचं. म्हणजे यंदा पेरू द्यायचं नाही, आणि पुढच्या साली म्हणायचं, बाई, तू पेरलंच नाहीस! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सगळी गत.

मनासारख्या फांद्या झाल्या तेव्हा सोमी आपली आपण खाली उतरली. रामकिसननं तिचा कोयता हिसकावला आणि फांद्यांचा ढीग जप्त केला.

“माझी नोकरी जाईल ना, माय,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी रडवेला झाला होता.

“तुझी नोकरी गेली तं तू दुसरी करशील. माझं रान गेलं तं मी दुसरं कुठून आनू?”

रामकिसन कोयता घेऊन निघून गेला.

दुसऱ्या आठवड्यात सोमीला जंगलखात्याच्या कचेरीत बोलावणं आलं. तिचा मुलगा नवशा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला एका रसायनाच्या कारखान्यात कामाला होता. तो रजा टाकून आला. आईच्या तोंडाला कुलूप नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

साहेब वयानं तरुण होते, आणि खरं सांगायचं तर वाईटही नव्हते. त्यांना जनावरांचा मनापासून लळा होता. पण भिंतीवरच्या नकाशात डोंगर हिरवा रंगवलेला होता आणि त्या हिरव्यात माणूस कुठंच नव्हता. त्यांनी सोमीला बसायला बाक दिला. ती खाली बसली.

“आजी, या कागदावर अंगठा करा. पट्टा मी स्वखुशीनं सोडला, एवढंच आहे त्यात. मी तुम्हाला खात्याच्या रोपवाटिकेत काम देतो. फांद्या तोडल्याची केसही मागं घेतो. अहो, त्या मुक्या जनावरांनाही जगायला जागा हवी की नको?”

“पायजे ना,” सोमी म्हणाली. “आमी कुठं त्याला हाकलला? माझ्या रानाच्या वरच्या बांधावर वाघ्यादेव हाय, बघला का तू?”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना कुणी ‘तू’ म्हणत नसे. सोमी देवाला, वाघाला आणि साहेबाला सारखंच ‘तू’ म्हणे. तिच्या पाड्यावर दुसरी रीतच नव्हती.

“वाघ्याच्या पल्याड आमी पाला पन तोडत नाय. ते त्याचं. अल्याड आमचं. माझा दादला डिंकासाठी पल्याड गेला, त्याला वाघानं नेला. मी वाघाशी भांडली नाय. दर वाघबारशीला कोंबडा देते त्याला, अजून देते. त्याची नि आमची बोली हाय. तू काय बोली केली आमच्यासंगं? तू दगड पुरला नि जीपमदी बसला.”

साहेबांनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. सोमीनं अंगठा मुठीत मिटून घेतला आणि ती मूठ पदराखाली ठेवली.

“मग पावसाआधी आम्ही तिथं खड्डे घेऊन झाडं लावणार,” साहेब म्हणाले. “पाड्याचेच मजूर लावून. तुम्हाला सांगून ठेवतो.”

बाहेर आल्यावर नवशानं तोंड उघडलं. “आये, अंगठा दिला असता तं काय बोट झिजलं असतं? दर साल भीक मागायची त्या पट्ट्यापाई! माझ्या खोलीवर चल ना. पगार हाय माझा.”

“कारखाना बंद झाला तं काय खाशील? तुझ्या त्या कुंभवलीच्या नाल्याचं पानी?”

त्या नाल्याचं पाणी कधी पिवळं असे, कधी जांभळं. बेडूक काही त्यात उरला नव्हता. बेडकांना राखायला मात्र कुणी बुरूज बांधला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! पण खरं बोललेलं झोंबतं, आणि आईनं बोललेलं तर फारच झोंबतं.

“मग मर जा त्या रानात,” नवशा म्हणाला, आणि बोईसरच्या एस.टी.त चढला.

सोमी पाड्यापर्यंत चालत गेली. पोराच्या बोलण्याचं तिला फार लागलं. रानाच्या बांधावर बसून ती जी रडली, तशी जिवल्या गेला तेव्हाही रडली नव्हती. मग तिनं डोळे पुसले आणि चूल पेटवली.

वैशाखात पाड्याभोवती कुठंच धूर दिसला नाही. सगळ्यांचेच कोयते कचेरीत जमा होते. आणि एके दिवशी, उन्हं चांगली वर आल्यावर, मजुरांची टोळी कुदळी घेऊन सोमीच्या बांधावर येऊन उभी राहिली. पुढं होता तिचा चुलत दीर गोमा. तो तिच्या नजरेला नजर देईना.

“वहनी, काय करू? रोज हाय. पोरांच्या पोटाला पायजे,” तो म्हणाला.

“मी काय बोलली तुला?” सोमी म्हणाली. “साहेब येस्तवर बसा सावलीला.”

ती झोपडीत गेली. आढ्याला बियाण्याचा मुडा टांगलेला होता, पेंढ्यात घट्ट बांधलेली निवडक नागली. मुड्यातलं बियाणं उपाशी मेलं तरी खायचं नसतं. सोमीनं तो खाली काढला, सोडला, सगळी नागली टोपलीत ओतली. तेवढ्यात जीप आली.

साहेब उतरले, रामकिसन उतरला. सोमी टोपली कमरेवर घेऊन, सगळ्यांच्या देखत, रानात उतरली आणि मूठ मूठ नागली फेकत चालू लागली.

भाजलेली जमीन नाही, ओल नाही, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि ही बाई धुळीत बियाणं टाकते आहे. साहेबांना हसू आलं, मग थोडी कीवही आली.

“करू दे तिला काय करायचं ते,” ते रामकिसनला म्हणाले. “मनाचं समाधान होऊ दे. मग सुरू करा.”

चूक झाली ती इथं. गोमाच्या टोळीत मात्र कुणी हसलं नाही. सोमीची पहिली मूठ सुटली तशी ठमी नावाची एक बाई पटकन उठून उभी राहिली. मग एकेक करून सगळेच उभे राहिले.

सोमीनं घाई केली नाही. वाघ्यादेवाच्या बांधापासून ती बुरुजापर्यंत आली, बुरुजाच्या बुंध्यालाही तिनं दोन मुठी जास्तच टाकल्या आणि खालपर्यंत गेली. टोपली रिकामी झाल्यावर तिनं करवंदीची काटेरी फांदी घेतली आणि दाणे मातीआड व्हावेत म्हणून ती साऱ्या रानावरून ओढली. वर्षाचं बियाणं होतं ते. राबात टाकलं असतं तर घरभर नागली झाली असती. ते असं कोरड्या धुळीत टाकताना तिचं काळीज तुटत होतं, पण हात थांबला नाही.

“हं, चला,” साहेब म्हणाले. “या टोकाकडून खड्डे घ्या.”

कुणी हललं नाही.

“गोमा, ऐकू येत नाही का?”

“साहेब, पेरलं ना तिनं,” गोमा म्हणाला. त्यानं चपला काढून हातात घेतल्या होत्या.

“मग?”

“मंग काय? कनसरी माय, दान्याची देवी, हाय आता त्याच्यात. पेरल्या रानात कुदल घालत नाय आमी. पायतान घालून पन जात नाय.”

“अरे, काय आहे त्यात? माती आहे नुसती! दाखव मला काय आहे!”

“तुला नाय दिसायची,” गोमा म्हणाला. भावजयीसारखंच तोही साहेबाला ‘तू’ म्हणून बसला. त्यानं कुदळ खांद्यावर टाकली आणि पाड्याची वाट धरली. त्याच्यामागून सगळी टोळी गेली. त्या दिवसाचा रोज बुडाला, पुढचेही बुडणार होते, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही घरात महिन्याचे दाणे नव्हते.

साहेब लालेलाल झाले. त्यांनी एक कुदळ रामकिसनच्या हातात दिली. “घे. तू खण.”

रामकिसन बूट घालून रानात गेला, बुरुजाशेजारी उभा राहिला आणि कुदळ मारू लागला. तो शेतकऱ्याचा मुलगा होता. कातळासारख्या जमिनीत त्यानं गुडघाभर खड्डा कसाबसा केला, आणि मग कुदळीवर कपाळ टेकून उभा राहिला. “साहेब, होत नाही माझ्याच्यानं,” तो म्हणाला. जमीन खणवत नाही की आणखी काही, ते त्यानं सांगितलं नाही.

“पाऊस पडू दे. बाहेरचे मजूर आणतो,” साहेब सोमीला म्हणाले. “आणि आजची केस वेगळी होईल, समजलं?”

“आन,” सोमी म्हणाली. “मी हतंच हाय.”

जीप धुरळा उडवत गेली. सोमीनं रामकिसनचा खड्डा हातांनी बुजवला, आणि उकरलेल्या मातीतले सापडतील तेवढे दाणे वेचून पुन्हा वर टोचले.

मग राखणीचे दिवस सुरू झाले. पाऊस येईना. मुंग्यांच्या रांगा दाणे घेऊन जात होत्या, त्यांना काय करणार? पण पाखरांना तरी हाकायला हवं. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत सोमी रिकाम्या दिसणाऱ्या रानात गोफण घेऊन उभी राही. ती या टोकाला गेली की चिमण्या त्या टोकाला उतरत. खालच्या वाटेनं जाणारे लोक म्हणत, म्हातारीचं डोकं फिरलं. पाड्यावरचं कुणी तसं म्हणत नसे. संध्याकाळी ठमी पेजेचं मडकं आणून बांधावर ठेवी आणि अनवाणीच परत जाई.

एका सुट्टीच्या दिवशी नवशा आला. सोमीनं त्याला लांबूनच पाहिलं, पण हाक मारली नाही. ‘मर जा’ म्हणून गेलेल्या पोराला आपण होऊन काय हाक मारायची?

बांधावर येऊन तो थांबला. समोर नुसती धूळ होती, हिरवं काडीभर नव्हतं. नवशा खाली बसला. कारखान्याचे जाड बूट त्यानं सोडले, मोजे त्यांत कोंबले, बूट बांधावर नीट ठेवले आणि तापलेल्या मातीवर जपून पावलं टाकत तो रानात उतरला.

सोमीनं तोंड फिरवून उगीचच एक दगड भिरकावला.

“उगवंल का गं, आये?”

“थोडं उगवंल. थोडं पाखरांचं.”

“साहेब परत येल.”

“येवं दे.”

नवशा बुरुजापाशी गेला. कंपनीचं नाव खिशावर शिवलेला खाकी सदरा त्यानं अंगातून काढला आणि बुरुजाला चढवला. वरचं बटण लावलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून पोटाशी वेल बांधला.

“उद्या कामाला काय घालशील?” सोमी म्हणाली.

“बघू.”

वारा आला तशा सदऱ्याच्या बाह्या हलल्या आणि जवळ उतरू पाहणाऱ्या चिमण्या भर्रकन उडून गेल्या. सोमी क्षणभर बघत राहिली. मग गोफण खांद्यावर टाकून ती रानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. या बाजूला आता कुणीतरी होतं.