कोठीच्या दरवाजाची लाज

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. बेंगळूरमधल्या एका मराठी घराच्या कोठीला मला बसवले आहे. चिकपेटच्या सुताराने मला चौकटीत बसवले आणि म्हणाला, "यातून मुंगीसुद्धा जाणार नाही." ते ऐकून मी जो फुगलो, तो चाळीस वर्षे तसाच राहिलो.

काम साधेच होते. तांदूळ, डाळी, लोणच्याच्या बरण्या सांभाळायच्या. दर पाडव्याला हर्षिता मला पाठ टेकून उभी राही आणि तिचे आजोबा, खंडोजी अण्णा, पेन्सिलीने तिच्या उंचीची रेघ मारत. शेजारीच रम्याची रेघ असे. रम्या ही कौशल्याची मुलगी, आणि कौशल्या या घरात वीस वर्षे काम करते आहे.

मग युद्धाच्या बातम्या येऊ लागल्या. अण्णांनी कुठूनसे एक पत्रक आणले. अणुबाँब पडला तर बिनखिडकीच्या खोलीत बसावे, फटी बुजवाव्यात, विषारी धूळ ओसरेपर्यंत दार उघडू नये, असे त्यात होते. तशी खोली घरात एकच, माझी! मला केवढा अभिमान वाटला. कौशल्याने पाण्याचे कॅन भरले, वाळूची पोती ओढून आणली, माझ्या बिजागऱ्यांना तेल दिले. फटींत कोंबायला तिने स्वतःची जुनी साडी फाडून पट्ट्या केल्या. शेवटी अण्णांनी आत बसणाऱ्यांची यादी माझ्यावर चिकटवली. घरातली चार नावे. कागद नेमका पेन्सिलीच्या रेघांवर बसला.

एका सकाळी सरावाचा भोंगा वाजला. सराव आहे हे कौशल्याला कोणीच सांगितले नव्हते. चौघे आत आले, अण्णांनी कडी घातली, पट्ट्या कोंबल्या. तेवढ्यात परसातून ती धावत आली आणि ओल्या हातांनी मला थापा मारू लागली.

"अण्णा, मी आहे. स्वल्प उघडा की!"

"आजोबा, कौशल्याक्का बाहेर आहे," हर्षिता रडवेली झाली.

"एकदा लावलं की उघडायचं नाही," अण्णा हळूच म्हणाले. "सराव खऱ्यासारखाच करायचा."

बाहेर थापा थांबल्या. "सरी, ठीक आहे अण्णा. मी रम्याच्या शाळेकडे जाते," एवढे बोलून ती अनवाणी धावत सुटली. तिच्या चपला परसातच राहिल्या. मी निदान कुरकुरायला तरी हवे होते. पण तेल तिनेच दिलेले, मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर आली. हर्षिताने यादीत तिचे नाव लिहून ठेवले होते. कौशल्याने ते वाचले.

"आणि रम्या, पुट्टी?" तिने हर्षिताला लाडाने हाक मारत विचारले.

अण्णांची मान खाली गेली. त्यांनी स्वतःच्या हाताने यादी ओढून काढली. डिंकाबरोबर माझा रंग निघाला आणि दोघींच्या रेघाही गेल्या. रम्या गेल्या पाडव्याला केवढी होती, ते आता कोणालाच आठवत नाही.

मित्रांनो, दरवाजांना तेल द्या, वाळवीपासून जपा. पण कडी लावण्याआधी बाहेर कोण राहिले ते नक्की बघा. मला कडी फक्त आतूनच आहे, मी स्वतःहून उघडू शकत नाही. सुतार खरे बोलला होता. माझ्यातून मुंगीसुद्धा गेली नाही, आणि त्याचीच मला आता लाज वाटते.