गेनादीची चिठ्ठी आणि छपाईची रांग

स्तारी ब्रोदच्या नगरपालिकेत दुसऱ्या मजल्यावर जन्म-मृत्यू नोंदणीची कचेरी आहे. त्या वसंतात दर गुरुवारी सकाळी तिच्या दारासमोर माणसं दाटीवाटीने उभी राहू लागली. पहारेकऱ्याला आधी वाटलं, दाखल्यांसाठी आली असतील. पण कोणाच्याच हातात अर्ज नव्हता. कोणाकडे पाण्याची बाटली होती, कोणाकडे मेलेल्या भावाचा फोटो. सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या करड्या प्रिंटरवर खिळलेली होती.

"गप्प बसा. तापतोय तो," एक बाई कुजबुजली.

नऊ वाजून पाच मिनिटं झाली आणि प्रिंटर घरघरला. आधी नावाचा कागद आला. प्रत्येक छपाईच्या आधी असा एक कागद यायचाच: कोणी पाठवलं आणि तारीख काय. त्यावर नाव होतं गेनादी द्रेनोव्ह. तारीख आजची. याच कचेरीतला कारकून गेनादी द्रेनोव्ह सहा फेब्रुवारीलाच वारला होता.

मागोमाग आलेला दुसरा कागद बंधू नाउमने दोन्ही हातांनी उचलला. हा नाउम क्रास्तेव्ह पूर्वी कपडे धुण्याची यंत्रं विकायचा. आता हाताच्या उष्णतेने माणसं बरी करायचा आणि बाटलीतल्या पाण्यात 'शक्ती' भरून द्यायचा.

"विजेला मरण नाही, मंडळी," तो म्हणाला. "शरीर जातं, व्होल्टेज राहतं. अडाणी आत्मा बल्ब घालवतो, फार तर घड्याळ बंद पाडतो. आपला गेनादी कचेरीतला माणूस. तो थेट छापतो." मग त्याने आवाज खाली आणून वाचलं. "वासिलका, पाणी घेत राहा. बंधू नाउम सांगतील तसं कर. घाई नको."

गर्दीने छातीवर क्रूस काढले. प्रिंटरशेजारच्या खुर्चीत गेनादीची बायको वासिलका बसली होती. ती याच इमारतीत झाडलोट करायची. तिने मान हलवली आणि पदराखाली लपवावा तसा उजवा हात स्वेटरखाली नेऊन डावी काख दाबून धरली.

काचेपलीकडच्या खोलीत रांगेल मुताफोव्ह हे सगळं पाहत होता. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर त्याच्याकडे नगरपालिकेचा कॉम्प्युटर आला होता. लोक त्याला अजून मास्तरच म्हणत. गेनादीच्या नावाचा अगदी पहिला निरोप कसा आला असेल हे साऱ्या गावात फक्त त्यालाच कळण्यासारखं होतं. आणि आज सातवा गुरुवार होता, तरी त्याने तोंड उघडलं नव्हतं.

पहिला कागद आला तो गेनादीच्या चाळिसाव्या दिवशी. मेलेल्याचा आत्मा चाळीस दिवस घराभोवती, ओळखीच्या माणसांभोवती घुटमळतो आणि चाळिसाव्या दिवशी निरोप घेतो, असं स्तारी ब्रोदमध्ये कोणालाही विचारा, सांगतील. त्या मंगळवारी अख्खी नोंदणी कचेरी कबरीवर गेली होती. थडग्यावर वाइन ओतून, उकडलेले गोड गहू वाटून मंडळी परतली, तर प्रिंटरच्या तबकात कागद. वर गेनादीचं नाव, त्याच दिवसाची तारीख. खाली मजकूर: "वासिलका, या गुरुवारी प्लेवेनला जाऊ नकोस. माझं ऐक, थांब. मी कळवतो."

आणि त्याच गुरुवारी वासिलकाला प्लेवेनच्या मोठ्या इस्पितळात छातीतली गाठ काढायला जायचं होतं.

ती कागदावर तोंड टेकून रडली. गुरुवारी गेली नाही. शनिवारी नाउम तिच्या घरी पोचला. "मी कळवतो, असं म्हणालाय ना? मग कळवायला त्याला कोणीतरी वाट करून द्यायला हवी," तो म्हणाला. पुढच्या गुरुवारपासून निरोप येऊ लागले.

रांगेल त्या मंगळवारी पलीकडच्या खोलीतच होता. नगरपालिकेच्या युनिक्स कॉम्प्युटरवर छपाईची रांग सांभाळणारा एक प्रोग्राम होता. सगळ्या कचेऱ्यांचे कागद त्याच्याकडे जात, तो ते ओळीने उभे करी आणि एकेक करून प्रिंटरकडे सोडी. त्याची नवी आवृत्ती आली होती. ती बसवायची म्हणजे दोन तास छपाई बंद. नोंदणीवाले कधीच कबूल होईनात. शेवटी त्या मंगळवारी कचेरी रिकामी मिळाली आणि रांगेलने काम उरकून घेतलं. बायका कागद घेऊन रडू लागल्या तेव्हाच त्याच्या मनात आलं: नव्या प्रोग्रामने कुठली तरी जुनी, अडकलेली छपाई सोडली असेल का?

पण 'असेल का' एवढंच. छापून झालेलं पुसून टाकायची प्रोग्रामची रीतच होती, त्यामुळे रांग रिकामी होती. त्याने चार दिवस माहितीपुस्तक वाचलं. मग वाटलं, आपण चुकत असू तर? एका विधवेचा शेवटचा दिलासा आपण आपल्या अर्धवट ज्ञानावर मोडायचा? नगराध्यक्षांच्या सचिवाकडे त्याने विषय काढला होता. सचिव म्हणाला, "मास्तर, बाई शांत झोपते आता. तुम्ही कशाला खाजवता?" आणि खरं सांगायचं तर रांगेलला बरंच वाटलं. चूक निघाली असती तर ती त्याचीच निघाली असती.

त्या सातव्या गुरुवारी गर्दी पांगल्यावर डॉक्टर कापितानोव्हा त्याच्या खोलीत आल्या. गावातल्या दवाखान्याच्या त्या डॉक्टर. बसल्या नाहीत.

"मास्तर, ते यंत्र तुमचं. मला एवढंच सांगा, हे कागद कुठून येतात?"

"मला... नक्की नाही सांगता यायचं, डॉक्टरीणबाई."

"मार्चमध्ये गाठ अक्रोडाएवढी होती. हाताखाली सरकत होती. काल तपासलं तर काखेतही लागते. मी तिच्यावर ओरडले, तिच्यापुढे रडले. माझं कोण ऐकतंय. मी अजून जिवंत आहे ना."

रांगेल टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. "पहिला कागद बहुतेक माझ्यामुळे निघाला."

"बहुतेक?"

"खात्री नव्हती."

"सात आठवडे तुम्ही खात्री करत होतात?"

डॉक्टर गेल्यावर त्याने कपाट उघडलं. दर शुक्रवारी सगळ्या कॉम्प्युटरची नक्कल एका टेपवर उतरवून ठेवायची, हे त्याचंच काम होतं. चाळिसाव्याच्या आधीच्या शुक्रवारची टेप तिथे होती. ती पहिल्यापासूनच होती. ती बघितली असती तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. म्हणूनच बहुधा त्याने बघितली नव्हती.

अर्ध्या तासात सापडलं. एका बंद रांगेत गेनादीची चिठ्ठी पडलेली होती. लिहिल्याची तारीख: चौदा जानेवारी.

मग त्याने नव्या प्रोग्रामची नोंदवही उघडली. जुना प्रोग्राम ठेवत नसे, पण नवा प्रत्येक छपाई कोणत्या टर्मिनलवरून आली ते टिपून ठेवी. पहिल्या कागदानंतरचे सगळे निरोप एकाच जागेवरून आले होते: तळमजला, कर विभाग, तिसरं टेबल. तिथे मिंका बसायची. नाउमची मेहुणी.

आठव्या गुरुवारी तो काचेच्या खोलीतून बाहेर आला. वर्गात बोलायची त्याला सवय होती, पण मोठ्या माणसांसमोर त्याचा आवाज कापायचा. आजही कापला.

"आज निरोप येणार नाही," तो म्हणाला. "निरोप मिंकाबाईंच्या टर्मिनलवरून येत होते, ते मी सकाळीच बंद केलंय."

नऊ पाच झाले. नऊ दहा झाले. प्रिंटर गप्प होता.

नाउम हसला. "शंकेखोर माणूस जवळ असला की आत्मा बुजतो. मास्तर, तुम्ही जरा जिन्यापर्यंत जाऊन येता का?"

"जातो. त्याआधी तुमचा एक कागद येतोय, तो तरी घ्या." रांगेल काचेच्या खोलीत गेला आणि काहीतरी टाईप करून परत आला.

प्रिंटर घरघरला. नावाच्या कागदावर नाउम क्रास्तेव्ह, आजची तारीख. दुसरा कागद रांगेलने शेजारच्या ग्रोझ्दान खाटकाच्या हातात दिला. ग्रोझ्दानने अडखळत वाचलं. "मी नाउम. मी तुम्हाला फसवलं. वासिलका, प्लेवेनला जा."

"हे मी लिहिलेलं नाही," नाउम म्हणाला.

"माहीत आहे. आत्ताच मी लिहिलं, आतल्या टेबलावरून. पाठवताना तुमचं नाव घातलं. इथे रजेवरच्या माणसाचं काम दुसरा उरकतो, म्हणून कोणाच्याही नावाने छपाई पाठवता येते. यंत्र पुरावा मागत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत तरी तुमचं नाव आलं. तसंच गेनादीचं आलं."

"आत्म्याला कुठलंही टर्मिनल चालतं," नाउम घाईने म्हणाला. "तो खालचा मजला, वरचा मजला बघत नाही..."

"मग दर वेळी मिंकाचंच कसं चालतं?" ग्रोझ्दान म्हणाला. "आणि ईस्टरच्या आठवड्यात ती माहेरी गेली होती, तेव्हा नाही आला तो निरोप. तू म्हणालास, मेलेले सण पाळतात. माझी बायको त्या दिवशी तीन तास उभी होती इथे, नाउम. सुजलेल्या पायांनी."

कोणीतरी हसलं, पण हसू पसरलं नाही. माणसं आपापल्या बाटल्यांकडे बघू लागली. कोणाची साखर वाढलेली होती, कोणाच्या मुलाला फेफरं येत होतं. नाउमने टोपी घातली आणि निघाला. त्याला कोणी अडवलं नाही.

वासिलका खुर्चीतून उठली नव्हती. "बाकीचे खोटे असतील," ती म्हणाली. "पहिला त्याचा आहे. मला त्याची वाक्यं कळतात, मास्तर."

"पहिला त्याचाच आहे, वासिलकाबाई." रांगेल तिच्यासमोर गुडघे वाकवून बसला. "त्याचा हात थरथरायचा, म्हणून तो सगळं टाईप करायचा, अगदी बाजाराची यादीसुद्धा. ही चिठ्ठी त्याने चौदा जानेवारीला लिहिली. तेव्हा हा प्रिंटर दुरुस्तीला गेला होता. परत आल्यावर मी त्याला नवी रांग दिली आणि जुनी तशीच विसरलो. चिठ्ठी तिथे अडकली. चाळिसाव्याला मी नवा प्रोग्राम बसवला. त्याने सुरू होताच सगळ्या रांगा तपासल्या आणि जे पडून होतं ते छापलं. जुना प्रोग्राम पाठवल्याची तारीख घालायचा, हा छापल्याची घालतो."

"पण नेमकं चाळिसाव्यालाच?"

"चाळिसाव्याला कचेरी रिकामी होती म्हणून. तुम्ही सगळे कबरीवर होतात. दुसऱ्या कुठल्याच दिवशी मला हे काम करू दिलं नसतं."

"आणि गुरुवार?"

"नगरपालिकेची गाडी प्लेवेनला गुरुवारीच जाते. नेहमीच. जानेवारीत त्या आठवड्यात तुम्ही कुठे निघाला होतात का?"

ती हळू बोलली, जणू दुसऱ्या कोणाचं ऐकून सांगत होती. "लेकीकडे, प्लेवेनलाच. पुलावर बर्फ गोठला होता. शेवटी त्याने फोनच केला होता. चिडला होता, कागद निघत नाही म्हणून." तिने हातातल्या घड्या पडलेल्या कागदाकडे पाहिलं. "म्हणजे ऑपरेशनचं त्याला काही माहीतच नव्हतं."

"नव्हतं."

"माहीत असतं तर त्याने मला ओढत नेलं असतं," वासिलका म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती गाडीने गेली. डॉक्टर कापितानोव्हा सोबत होत्या. तिथल्या सर्जनने तपासण्या केल्या आणि शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही असं सांगितलं. रोग यकृतात पोचला होता. मार्चमध्ये आली असती तर, असं तो म्हणाला आणि वाक्य पुरं केलं नाही. डॉक्टरांनी ते रांगेलला जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही.

सप्टेंबरमध्ये रांगेल तिला भेटायला गेला. वासिलका खिडकीजवळ पडून होती, लेक शेजारी भाजलेली वांगी सोलत होती. त्याने माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून आणलं होतं, ते त्याला आठवेना.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं का, मास्तर?" तिनेच विचारलं.

"ठाऊक नव्हतं. शंका होती."

"शंका तरी सांगायची," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. लेकीने सुरी खाली ठेवली आणि दोघांकडे पाठ केली.

वासिलका नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेली. नाउम केव्हाच गाव सोडून गेला होता. नदीकाठच्या दुसऱ्या एका गावात आता टेलिफोनमधून आवाज येतात, असं ऐकू येत होतं.

तिला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी रांगेलने स्वतःच्या नावाने एक पत्रक छापलं आणि नगरपालिकेच्या दाराला लावलं. सचिवाने ते वाचलं, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या काढा म्हणाला. रांगेलने काढल्या नाहीत. पत्रकात असं होतं:

"या इमारतीतला प्रिंटर मेलेल्यांचे निरोप आणत नाही. त्याला जे पाठवलं जातं ते तो छापतो, आणि पाठवणारा जे नाव सांगेल ते घालतो. गुरुवारचे कागद तळमजल्यावरून येत होते, पहिला कागद माझ्या हयगयीमुळे निघाला. दोन्हीचे पुरावे माझ्या खोलीत आहेत, कोणीही येऊन बघावेत. एखादी गोष्ट अजब वाटली तर गुडघे टेकण्याआधी विचारा, ही कोणी केली, कधी केली आणि याच दिवशी का झाली. आजार असेल तर डॉक्टरकडे जा, आणि वेळेत जा. ज्याला काही कळलं असेल, अर्धवट कळलं असेल तरी, त्याने त्याच दिवशी सांगावं. मी सांगितलं नाही."